रेव्हरंड टिळकांचा देश आणि महारवाड्यातील ख्रिस्त

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मोपदेशकाला जागा मिळते ती बहुधा एकाच नावाने, आणि ते नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तीही 'फुलांमुलांचे कवी' म्हणून. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांची रानफुले आली, पाखरे आली. पाळक टिळक मात्र पुस्तकाबाहेरच राहिले. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची चोवीस वर्षे ख्रिस्ताच्या सेवेत घालवली, आणि ज्याला आपण ख्रिस्ती झालो म्हणून या देशाचे काही कमी लागतो असे क्षणभरही वाटले नाही, त्या माणसाचा धर्मविचार आणि देशविचार यांकडे आपल्या समीक्षकांनी सोयीस्कर डोळेझाक केली. त्याहून मोठी डोळेझाक दुसरीच आहे. टिळक नगर जिल्ह्यात ज्यांच्यापुढे प्रवचन करीत, कीर्तन करीत, ज्यांच्या तोंडी त्यांची भजने बसली, ते श्रोते कोण होते? ते बहुतांशी महार आणि मांग होते. कवीचे चरित्र लिहिले गेले, पण श्रोत्यांचे कोणी लिहिले नाही.

हा प्रश्न मी मुळशी तालुक्यात बसून विचारतो आहे, याला कारण आहे. 'देश' हा शब्द या खोऱ्यात फार जड आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालायचा, पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावरची वीज मुंबईला न्यायची, अशी ती योजना होती. पन्नासच्या वर गावांवर पाणी येणार होते. पांडुरंग महादेव बापट येथे 'सेनापती' झाले. एका बाजूला स्वदेशी भांडवल आणि दुसऱ्या बाजूला मावळ्याची भातखाचरे. दोघेही देशाचेच नाव घेत होते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास करताना पुण्याच्या सावकारांचे हितसंबंध या जमिनींत कसे गुंतले होते ते दाखवून दिले, आणि सत्याग्रहाच्या पोवाड्यांत न बसणारी एक बाजू उजेडात आली. पण त्याच्याही खाली एक थर उरतो. ज्याचे नाव सात-बाऱ्यावर त्याला मोबदला. ज्याचा हक्क बलुत्याचा, खळ्यावरच्या पसाभर धान्याचा, मेलेल्या ढोराचा, त्याचे गाव बुडाले तर काय बुडाले याची नोंद कोणत्या कागदावर होणार? महाराचा गावावरचा हक्क हा मुळात अपमानाचाच हक्क होता. तो गेला याचे दुःख करावे की सुटलो म्हणावे, हेही त्याला ठरवता येणार नव्हते.

बापट मूळचे नगर जिल्ह्यातले, पारनेरचे. मुलाच्या बारशाला पहिली पंगत अस्पृश्यांची बसवणारा आणि हातात खराटा घेऊन गाव झाडणारा हा माणूस होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच जिल्ह्यात त्याच्या आधी दोन दशके एक दुसरा चित्पावन पाळकाचा झगा घालून महारवाड्यात बसत होता. टिळक १९१९ च्या ९ मे रोजी गेले. मुळशी त्यांनी पाहिली नाही. पण देशावर प्रेम करायचे म्हणजे कोणाच्या देशावर, हा मुळशीने विचारलेला प्रश्न त्यांच्या सगळ्या चरित्राला विचारता येतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. शिक्षण नाशिकला. स्वभाव अस्थिर, पाय भटके, डोक्यात सतत नवा धर्म काढण्याचे वेड. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि तुम्ही लवकरच ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरावर मृत्यूची कळा आली. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन दूर राहिल्या, पाच वर्षे हा संसार दुभंगलेला होता. एका ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे ही त्या काळी केवढी उलथापालथ होती, हे सांगायला 'स्मृतिचित्रे'हून चांगला साक्षीदार नाही.

ही किंमत खरी होती, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे धर्मांतराला दोन मापे लावली जातात. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की ती तत्त्वजिज्ञासा, आत्म्याची तळमळ, वैचारिक बंड. महार ख्रिस्ती झाला की तो पोटासाठी बाटला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार-मांगांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला हे खरे. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला तेव्हाही मिशनच्या कामावर आणि अन्नछत्रावर हजारो हात जगले हेही खरे. पण ज्याच्या पोटात अन्न नाही त्याने अन्न देणाऱ्याचा देव जवळचा मानला, यात लबाडी कसली? तीन हजार वर्षांत ज्या देवाने भाकरी तर दिली नाहीच, वर देवळाची पायरीही नाकारली, त्याला त्याने सोडले. हा निर्णय पोटाने घेतला असेल, पण पोट ही काही हलकी जागा नव्हे. शिवाय दुष्काळ सरला, पाऊस पडला, मिशनचे धान्य बंद झाले, तरी ही माणसे रविवारी प्रार्थनेला येत राहिली. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी संपल्यावर का थांबला, याचे उत्तर टीकाकारांनी कधी दिले नाही.

आणि त्यालाही किंमत पडत होती. ख्रिस्ती झालेला महार ढोर ओढायला नकार देई, वेसकरी टाकी, सणाला गावदेवीपुढे हलगी वाजवायला जात नसे. मग गाव त्याचे बलुते तोडी, रानातून जायची वाट बंद करी, मजुरी बंद करी. ब्राह्मणावरचा बहिष्कार हा पंगतीचा आणि सोयरिकीचा. महारावरचा बहिष्कार हा थेट चुलीवरचा. पहिल्यावर पुस्तके निघाली.

पुण्याचे एक उदाहरण येथे ठेवतो. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हाती घेतला. गोपाळराव जोशांनी नावे छापून टाकली आणि पुण्यात ग्रामण्य पेटले. रानडे त्यात, लोकमान्य टिळक त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, वर्तमानपत्रांचे रकाने दोन वर्षे भरून वाहिले. एक पेला चहा! त्याच शहरात महार-मांगांना सार्वजनिक हौदाचे पाणी नव्हते, म्हणून जोतीरावांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद खुला करावा लागला होता. त्या तहानेवर शंकराचार्यांनी कोणाला पाठवले नाही. (दोन टिळकांत वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून एवढेच सांगतो की आडनाव आणि जात सारखी असली तरी रेव्हरंड टिळक आणि लोकमान्य ही दोन स्वतंत्र माणसे. एकाने चहाचे प्रायश्चित्त घेतले, दुसऱ्याने घेण्यासारखे काही शिल्लकच ठेवले नाही.)

आता 'स्मृतिचित्रे'कडे येतो. हे पुस्तक विनोदासाठी, भाषेसाठी, पतिपत्नींच्या गमतीदार भांडणांसाठी वाखाणले गेले, आणि ते तसे आहेच. पण माझ्या मते जातीचा चिवटपणा स्वयंपाकघरात कसा राहतो याचा इतका प्रामाणिक जबाब मराठीत दुसरा नाही. लक्ष्मीबाईंच्या माहेरी १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा ते धुवून घेत. मीठ धुतल्यावर काय उरते हे वेगळे सांगायला नको! अशा घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ती पंढरपुरात राहिली. पुढे नगरला आली तरी वेगळ्या बिऱ्हाडाची, वेगळ्या चुलीची. नवरा तिला परका नव्हता, पण त्याच्या हातचे पाणी परके होते.

आणि मग एके रात्री ती विचार करते. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जन्मताच शरीरावर तिची खूण नसती का? पशुपक्ष्यांत जशा जाती दिसतात तशा माणसांत दिसत नाहीत. हा विचार तिच्या डोक्यात कोणत्या पाद्र्याने घातलेला नाही, कोणत्या सुधारकाच्या व्याख्यानातून तो उचललेला नाही. तिने तो स्वतःच्या अंथरुणावर पडून केला, आणि सकाळी उठून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा, राहुरीचा. जात आधी गेली, धर्म मागाहून आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पुष्कळांनी धर्म बदलला आणि जात गाठोड्यात बांधून बरोबर नेली.

राहुरीचे ते घर विद्यार्थ्यांनी, निराश्रित मुलांनी, आल्यागेल्याने भरलेले असे. टिळकांच्या खिशात पैसा टिकत नसे आणि घरात माणूस सामावत नसे. त्यात महारांची पोरे होती, मांगांची होती. लक्ष्मीबाईंनी त्यांना न्हाऊ घातले, त्यांच्या उवा काढल्या, त्यांना वाढले. प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. धर्म हा शब्द टिळकांच्या कवितेत फार उंचावर असतो. तो लक्ष्मीबाईंच्या हातात आला की पाण्याचा तांब्या होतो. पण येथे एक गोष्ट टोचते. ज्यांच्या उवा काढल्या त्या पोरांपैकी एकाचेही 'स्मृतिचित्रे' आपल्यापाशी नाही. ब्राह्मण बाईने जात टाकली हे आपल्याला तिच्याच शब्दांत कळते. महाराच्या पोराने तिच्या ताटात पहिल्यांदा हात घातला तेव्हा त्याला काय वाटले ते कळत नाही. त्याला भीती वाटली असेल, किंवा काहीच वाटले नसेल, भूक लागली असेल.

या रित्या जागेत एकच नाव लखलखते, आणि ते टिळकांच्या कितीतरी आधीचे आहे. 'ज्ञानोदय' हे पत्र अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू केले. १८५५ मध्ये त्याच 'ज्ञानोदया'ने जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध छापला. वेद आम्हाला वाचायचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा तिने सरळ देवाला सवाल टाकला होता. १९१२ पासून टिळक याच पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. दोघांमध्ये सत्तावन्न वर्षे. टिळकांनी या पत्रातून ख्रिस्त भारतीय कसा हे पुष्कळ लिहिले. पण मुक्तेचा प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हता, तो माणूस म्हणून कोणत्या खात्यात आमची नोंद आहे हा होता. त्या प्रश्नाला 'ज्ञानोदया'त पुढे तिच्याच जातकुळीचे उत्तर किती मिळाले, हे एखाद्या विद्यार्थ्याने जुने अंक काढून बसावे आणि पाहावे.

टिळकांचे खरे मोठेपण मला त्यांच्या भजनांत दिसते. ते आले तेव्हा मराठी मंडळ्यांत इंग्रजी चालीवरची, भाषांतरित, घशात अडकणारी गीते पुष्कळ होती. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा होती. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहात आजही त्यांची अडीचशेच्या घरात पदे आहेत. नगर, जालना, सोलापूरकडच्या खेड्यांत टाळ-मृदंगावर ती म्हटली जातात, आणि म्हणणारे बहुतेक करून अक्षरशत्रू आजोबा-आजींची नातवंडे आहेत. महारवाड्यात भजनाची परंपरा होतीच. एकतारी होती, कबीर होता, चोखोबा होता. टिळकांनी तिला नवा विषय दिला, आणि त्या परंपरेने टिळकांना गळा दिला. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती.

तरीही पुलाची ती उपमा मला पुरती पटत नाही. तुकोबांचा पूल टिळकांसाठी पक्का होता. त्यांच्या मागे संस्कृत होते, पोथी होती, देवघर होते. महारासाठी हाच पूल पंढरपुरात नामदेव पायरीपाशी संपत होता. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर, आणि देऊळ हरिजनांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. लक्ष्मीबाई पंढरपुरात राहिल्या तेव्हा त्या आत जाऊन दर्शन घेऊ शकत होत्या. राहुरीचा महार घेऊ शकत नव्हता. त्यामुळे ब्राह्मण ख्रिस्ती जेव्हा हिंदू परंपरेतले चांगले ते बरोबर घेऊन ख्रिस्ताकडे जाऊ असे म्हणतो, तेव्हा महार ख्रिस्ती गप्प बसतो. त्याला त्यातले काही बरोबर घ्यावेसे वाटते काय, हे त्याला कोणी विचारलेले नसते. पुढे १९८१ मध्ये मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी बंगलोरच्या धर्मविद्यालयात नेमका हाच मुद्दा काढला. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानाशी संवाद करीत आला, पण मंडळीत बसलेला बहुसंख्य माणूस दलित आहे, त्याच्या दुःखातून धर्मविचार का निघू नये, असे ते म्हणाले. मराठी मातीतला पाळक हे बोलायला टिळकांनंतर सहा दशके लागली.

टिळकांच्या देशभक्तीबद्दल शंका घेणाऱ्यांनी त्यांचे मिशनशी असलेले संबंध पाहावेत. १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, ते रेव्हरंड झाले. पण गोऱ्या मिशनऱ्याने मालक असावे आणि देशी उपदेशकाने पगारी नोकर, ही रीत त्यांना सलत होती. मंडळी भारतीय असेल तर तिचे नेतृत्व, तिचा पैसा, तिची उपासना भारतीय हवी, हे ते उघड बोलत. देशावर त्यांनी कविता लिहिल्या त्या इतरांनी लिहिल्या तशाच भाबड्या उत्कटतेने. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र राहू शकतील असा तो बंधुसमाज होता. मिशनला हे अर्थातच रुचण्यासारखे नव्हते, आणि हिंदूंना त्यात नवे जाळे दिसले. दोन्हीकडून संशय, ही या माणसाची कमाई. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार उठला.

दरबार अल्पायुषी का ठरला याची चर्चा चरित्रकार करतात. मला त्यात एक व्यवहाराचा प्रश्न दिसतो. टिळक पगार सोडू शकत होते. त्यांच्यापाशी नाव होते, विद्या होती, ब्राह्मण मित्र होते. बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी त्यांच्या घरी राहून गेला होता. खेड्यातला महार पाळक, जो मिशनच्या शाळेत दहा-पंधरा पोरांना धुळाक्षरे शिकवी आणि रविवारी उपासना चालवी, तो काय सोडणार? त्याचा पगार गेला तर त्याला परत वेसकरी. परक्या मिशनच्या पैशातून स्वतंत्र होणे हे राष्ट्रीय स्वाभिमानाचे काम होते खरे, पण गावगाड्यातून स्वतंत्र व्हायला त्याला तोच परका पैसा आधार झाला होता. 'स्वदेशी' या शब्दाने त्याला काय द्यावे? मुळशीतही हेच झाले नाही काय? वीज स्वदेशी, धरण स्वदेशी, आणि उठवलेला माणूसही स्वदेशीच.

राष्ट्रीयत्वाचा हा पेच बाबासाहेबांनी चुकवला नाही. १९३६ मध्ये, येवल्याच्या घोषणेला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी निवेदनात म्हटले होते की अस्पृश्य इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्मात गेले तर ते राष्ट्रीय प्रवाहापासून तुटतील, आणि ख्रिस्ती झाल्यास ब्रिटिशांची पकड घट्ट व्हायला मदत होईल. आपल्यातले काही ख्रिस्ती मित्र या निवेदनाने दुखावतात, काही हिंदुत्ववादी ते वाक्य सोयीने फडकावतात. दोघांनीही ते ज्या राजकारणात उच्चारले गेले ते पाहावे. त्या वेळी शीख धर्माचा विचार चालू होता, मुंज्यांशी वाटाघाटी होत्या, आणि बाबासाहेब हिंदू पुढाऱ्यांना त्यांच्याच भाषेत हिशेब मांडून दाखवत होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला, आणि लगेच मंडळीतल्या जातिभेदावर आणि ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवले. महाराचा मुलगा ख्रिस्ती होतो तेव्हा त्याची शिष्यवृत्ती जाते, आणि त्याबद्दल तुमच्यातून कोणी ओरडत नाही, हा त्यांचा रोख होता. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनातही हीच टीका अधिक विस्ताराने आली आहे: धर्मांतराने अस्पृश्याचे मन बदलले, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज समाज म्हणून कधी उभा राहिला नाही.

ही टीका टिळकांना लागू होते काय? अंशतः होते. टिळकांनी जात स्वतःच्या घरातून काढली. मंडळीतून काढण्यासाठी त्यांनी प्रेम हे एकच हत्यार वापरले, आणि महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती यांच्यामधली भिंत त्या हत्याराने पडली नाही. सोयरिकी आजही बव्हंशी आपापल्यात होतात, हे जाणत्यांना सांगायला नको. पाणवठा, शाळा, वतन यांवर संघर्ष उभारणे हे पाळकाचे काम आहे असे त्यांना वाटले नसावे. त्यांचा ख्रिस्त क्षमा करणारा आहे, मंदिरातून सराफांचे चौरंग उलथून टाकणारा ख्रिस्त त्यांच्या भजनांत मला फारसा भेटत नाही. महाड १९२७ साली झाले, टिळकांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. तेव्हा ते असते तर चवदार तळ्यावर आले असते की नाही, यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

देशाने या माणसांना दिलेले उत्तर मात्र कागदावर आहे. १९५० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती ठरल्या, आणि त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरवले. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले, १९९० मध्ये दीर्घ लढ्यानंतर बौद्धांना घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ मध्ये मद्रासच्या सूसै नावाच्या, रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ख्रिस्ती झाल्यावरही जात राहते एवढे दाखवून भागणार नाही, नव्या धर्मातही तिचे चटके तितकेच तीव्र आहेत हे सिद्ध करा, असे न्यायालयाने सांगितले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. ती अंमलात आली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. मधल्या काळात नवा कायदा झाला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याचे संरक्षणही या दाखल्याशीच बांधलेले. मारणारा जात विचारून मारतो, आणि पोलीस ठाण्यात धर्म विचारला जातो.

आम्ही बौद्धांनी या प्रश्नावर पुरेसा आवाज उठवला नाही, असे माझे मत आहे. १९५६ नंतर चौतीस वर्षे आपणही याच तिसऱ्या परिच्छेदाच्या बाहेर उभे होतो. ते दिवस जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असतील. आपण आत आलो आणि दार लोटून घेतले. सवलतीचा घास वाटला जाईल ही भीती समजण्यासारखी आहे, पण त्या भीतीने धर्मांतर करणाऱ्यांनीच धर्मांतर करणाऱ्याला परका म्हणावे, याला काय म्हणायचे?

मुळशी तालुक्यात आता भातखाचरांपेक्षा कारखाने आणि बंगले जास्त दिसतात. हिंजवडी याच तालुक्यात, पिरंगुटचे कारखाने येथेच. त्यांच्या बांधकामावर, सफाईवर, सुरक्षेवर नगरकडून, मराठवाड्यातून आलेली माणसे राबतात, आणि त्यांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत. रविवारी एखाद्या पत्र्याच्या खोलीत ती जमतात. पाळक बहुधा आठवड्याचे सहा दिवस दुसरीकडे नोकरी करणारा असतो. प्रजासत्ताक दिनी तेथेही झेंड्याला वंदन होते, देशासाठी प्रार्थना होते, आणि त्यात पावसासाठी, मुलांच्या नोकरीसाठी, राहिलेल्या पगारासाठीही विनवणी असते. टिळकांचे एखादे भजन हमखास म्हटले जाते. म्हणणाऱ्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू' आणि त्यापुढे आजोबांची जात लिहिलेली असते. त्याच्या बापाने ते विचारपूर्वक लिहून घेतलेले आहे. 'ख्रिस्ती' लिहिलेला थोरला मुलगा इतर मागासवर्गीयांच्या रांगेत उभा आहे, आणि धाकटा अनुसूचित जातीच्या. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच ताटात जेवणारे. पुढच्या महिन्यात धाकट्याची जात पडताळणी आहे, आणि बाप्तिस्म्याची नोंदवही कोणी मागितली तर काय सांगायचे, याचा विचार पाळक आणि बाप दोघे मिळून करीत आहेत.